समोरच्या गच्चीवर मोबाइल टॉवर : खिडकीला जाळी लावावी का? ('सातवा मजला', 'मोजमाप', 'अँटेनावाला' ही बोलणाऱ्यांची टोपणनावं)

सातवा मजला : ठाण्यात समोरच्या इमारतीच्या गच्चीवर अँटेना बसल्यात. बेडरूमच्या खिडकीपासून साधारण 30 मीटर, जवळपास समान उंचीवर. ऑनलाइन घेतलेला मीटर खिडकीत 3 व्होल्ट प्रति मीटर दाखवतो, मधूनच 6 वर उडी मारतो. मुलीचा पलंग तिथेच आहे. ॲल्युमिनियमची बारीक जाळी लावून फायदा होईल का? आणि फोनवर चिकटवायच्या त्या 'रेडिएशन चिप'चं काय?

मोजमाप : आधी आकड्याचं भाषांतर करा. व्होल्टचा वर्ग करून 377 ने (हवेतल्या लहरींसाठीचा ठरलेला आकडा) भागा : 9 ÷ 377 = 0.024 वॅट प्रति चौ. मीटर. 1 सप्टेंबर 2012 पासून भारतात 900 मेगाहर्ट्झला (ही टॉवरच्या लहरींची वारंवारता) 0.45 आणि 1800 ला 0.9 ही मर्यादा लागू झाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा भाग. सगळं 900 चंच आहे असं कडक धरलं तरी तुम्ही 2012 च्या त्या मर्यादेच्या पाच टक्क्यांच्या आसपास आहात. 6 म्हणजे मात्र दुप्पट नव्हे, चौपट : एकवीस टक्के.

ती उडी बहुधा घरातल्याच फोनची. सगळे फोन फ्लाइट मोडवर टाका, राउटर बंद करा, मीटर अंगापासून हातभर लांब धरा आणि 6 मिनिटांची सरासरी घ्या. संध्याकाळी घ्या, तेव्हा टॉवरवर भार जास्त असतो. खिडकीच्या ग्रिलवरून लहरी परावर्तित होतात, त्यामुळे मीटर 8-10 सेंटीमीटर सरकवला तरी आकडा बदलतो. एका जागेच्या वाचनावर जाऊ नका.

अँटेनावाला : जाळीबद्दल. 900 ची तरंगलांबी 33 सेंटीमीटर, 1800 ची 17, त्यामुळे दीड मिलिमीटर भोकांची धातूची जाळी लहरी चांगल्या अडवते. पण चौकटीला सगळीकडून टेकलेली हवी. कडेला लांब फट राहिली की तिथून आत येतात. नायलॉनची मच्छरजाळी काहीच अडवत नाही.

खरी गोम पुढे आहे. खोलीत सिग्नल पडला की फोन स्वतःची ताकद वाढवतो : 4जी वर 200 मिलिवॅटपर्यंत, 900 च्या 2जी वर 2 वॅटपर्यंत. टॉवर 30 मीटरवर, फोन कानाला! जाळी लावून त्याच खोलीत तासभर बोललात तर डोक्याला पोचणारी ऊर्जा वाढलीच. चिपचंही तसंच : ती लहरी अडवत नसेल तर पैसे वाया, अडवत असेल तर फोन जोर लावणार. घेऊ नका.

सातवा मजला : फोन-राउटर बंद करून मोजलं. सरासरी 2.8, उड्या गेल्या. पलंग हलवू?

मोजमाप : हलवा, फुकटचा उपाय आहे. आतल्या भिंतीशी नेऊन पुन्हा मोजा. काँक्रीटच्या आड आकडा बराच उतरतो. जाळीची गरज मला दिसत नाही. फोन मात्र उशीखाली नको, लांब बोलायचं तर वायरचा इयरफोन किंवा स्पीकर, आणि लिफ्टमध्ये कॉल टाळा. \*#07# डायल करून फोनचा एसएआर (शरीरात किती ऊर्जा शोषली जाते त्याचा आकडा) बघा, भारतात मर्यादा 1.6 वॅट प्रति किलो आहे. घरात कुणाला पेसमेकर असेल तर फोन त्यापासून 15 सेंटीमीटर दूर, विरुद्ध बाजूच्या कानाला.

अधिकृत मोजणी हवी असेल तर दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर अर्ज करता येतो. 2017 मध्ये ते सुरू झालं तेव्हा शुल्क 4000 रुपये होतं. 2.8 वाचनावर मी ते खर्च केले नसते.