मदत हवी आहे: बाबांना ब्रेस्ट कॅन्सर, आता टॅमॉक्सिफेन सुरू होणार

मंडळी नमस्कार, नागपूरहून लिहितोय. बाबा ६४, रिटायर्ड. डाव्या निप्पलखाली गाठ होती पण दुखत नव्हती म्हणून घरात कोणाला बोललेच नाहीत. आईला शंका आली ती वेगळ्याच गोष्टीवरून, ज्या माणसानं जन्मात कधी रुमाल धुतला नाही तो रोज रात्री आपली बनियन आपणच धुवायला लागला, आणि एक दिवस वाळत टाकलेल्या बनियनवर तांबूस डाग तसाच राहिलेला दिसला. तेव्हा कळलं की एका डॉक्टरला आधी दाखवलं होतं, त्यांनी चरबीची गाठ म्हणून घरी पाठवलं, त्यात तीन महिने गेले.

मग धंतोलीत मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी. तिथल्या फॉर्मवर 'शेवटची पाळी कधी आली' असा रकाना होता. बाबा मला म्हणाले, "हे बी भरू का बे?" दोघंही हसलो, आणि मग घर येईपर्यंत गाडीत कोणीच बोललं नाही.

ऑपरेशन झालं, पूर्ण स्तन काढला, काखेतल्या दोन गाठींत पसरलेलं निघालं म्हणून केमो आणि आता रेडिएशन संपत आलंय. ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू नावाचं प्रोटीन जास्त नाही). डॉक्टर म्हणतात टॅमॉक्सिफेन, म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी, ५ वर्षं. एक नातेवाईक सारखे मेसेज पाठवून रायले की लेट्रोझोल (हार्मोनवरचीच दुसरी गोळी) घ्या, ते जास्त चांगलं. खरंय का? दुसरं म्हणजे जीन टेस्ट सांगितलीय. बहीण ३४ ची आहे, तिची आधी करू का? शेजाऱ्यांना बाबांनी अजून 'छातीत गाठ होती' एवढंच सांगितलंय, त्यामुळे इकडे कोणाला विचारायची सोय नाही.

वऱ्हाडी_ताई:
दादा, माझ्या काकांचं हेच झालं होतं. लेट्रोझोल बायकांमध्ये पाळी गेल्यावर देतात, पुरुषांत ते एकटं नीट चालत नाही, द्यायचंच झालं तर सोबत हार्मोन दाबायचं इंजेक्शन लागतं. म्हणून पुरुषांना आधी टॅमॉक्सिफेनच. अंगातून वाफा येतात, चिडचिड होते, इच्छा कमी होते, काका लाजून हे डॉक्टरला सांगत नव्हते आणि गुपचूप गोळी बंद केली होती, तेवढं तुम्ही होऊ देऊ नका. एक पाय सुजला, पोटरी दुखली किंवा अचानक दम लागला तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना, रक्ताची गुठळी होऊ शकते. जीन टेस्ट आधी बाबांचीच करा, पुरुषांत जास्त करून बीआरसीए-टू नावाच्या जीनमधला बिघाड सापडतो. त्यांच्यात निघाला तरच पुढे मुलांची, आणि मुलांची म्हणजे तुमची पण हं, फक्त बहिणीची नाही. प्रत्येकात तो बिघाड यायचा निम्मा चान्स असतो, आणि पुरुषांना त्यात प्रोस्टेटचाही धोका वाढतो.

धागाकर्ता:
ताई खूप आभार. लेट्रोझोलचं त्या मेसेजवाल्या नातेवाईकांना आजच सांगतो. माझी पण टेस्ट, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं, मी आपला बहिणीचीच काळजी करत बसलो होतो. सोमवारी रेडिएशनला जातो तेव्हा बाबांच्या रक्ताचं विचारतो.