३०२ च्या कॅमारोत पंपाचं ९३ आणि बूस्टरची बाटली? माझा ठाम विरोध

वॉटरफर्डकर
काल 'पावमैल' यांनी लिहिलं की ११:१ कॉम्प्रेशनच्या ३०२ ला (शेव्हरोलेचं ३०२ घन इंची व्ही-८ इंजिन) पंपावरचं ९३ ऑक्टेनचं पेट्रोल आणि ऑक्टेन बूस्टरची एक बाटली पुरते, आणि मागच्या एक्सलला डोळे मिटून ४.८८ रेशोचं क्राउन-पिनियन टाकावं. "आकडा जेवढा मोठा तेवढी गाडी पळते" हे त्यांचे शब्द. याच सल्ल्यापायी माझं एक इंजिन गेलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी ६९ ची झी-२८, म्हणजे ३०२ वाली कॅमारो. लोखंडी हेड, मूळ कॉम्प्रेशन. एका दुकानदाराने बाटली दिली, तिच्यावर 'पाच पॉइंट वाढतात' असं छापलेलं. पॉइंट म्हणजे दशांश, म्हणजे ९३ चं झालं ९३.५. हे मला नंतर कळलं. जुलैतली दुपार, वॉटरफर्ड हिल्सचा रेस ट्रॅक, सातवा लॅप. हेल्मेट आणि हेडर्सच्या (एक्झॉस्टच्या नळ्यांच्या) आवाजात नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके, ऐकू येतच नाही, ब्रीदरमधून निळा धूर निघायला लागला तेव्हा समजलं. प्लग काढले. सात नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे ठिपके होते आणि उजेडात धरल्यावर त्यातले काही चमकत होते. ते माझ्या पिस्टनचं ॲल्युमिनियम. हेड उतरवलं तर वरच्या रिंगपाशी करंगळीच्या नखाएवढा तुकडा गायब.

हे इंजिन निघालं तेव्हा पंपावर शिसं घातलेलं, चढ्या ऑक्टेनचं प्रीमियम मिळायचं. ते जाणार हे दिसल्यावर जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलपासून कॉम्प्रेशनच खाली आणलं. आणि जुन्या पुस्तिकांतला आकडा रिसर्च ऑक्टेनचा असतो, इथल्या पंपावरचा रिसर्च आणि मोटर यांच्या सरासरीचा. दोन्ही थेट शेजारी ठेवून हिशेब करणाऱ्यांनी आधी हे बघावं. मी आता लेडेड ११० (शिसं घातलेलं ११० ऑक्टेनचं रेस फ्यूएल) घालतो, ठिणगीचं टायमिंग ३६ अंश. दोन सीझन झाले, प्लग स्वच्छ आहेत.

आता गिअर. मैलांचा वेग गुणिले मागचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत, की टॉपमधला आरपीएम मिळतो. २६ इंची टायर आणि ७००० ची मर्यादा धरा. ३.७३ ला १४५ मैल, ४.१० ला १३२, ४.५६ ला ११९, ४.८८ ला १११. वॉटरफर्डला माझी गाडी ११० च्या वर जात नाही, तिथे ४.५६ छान बसतं. तेच ४.८८ घेऊन रोड अमेरिकासारख्या लांब स्ट्रेटच्या ट्रॅकवर गेलात तर अर्ध्या स्ट्रेटमध्ये इंजिन ७००० ला टेकेल आणि उरलेला अर्धा स्ट्रेट बाकीचे तुम्हाला ओलांडून जातील. ट्रॅक न विचारता रेशो सांगणारा माणूस दुसऱ्याच्या पैशाने प्रयोग करतोय.

पावमैल
वॉटरफर्डकर, तुमचं इंजिन फुटलं याचं वाईट वाटतं, पण त्याचा दोष माझ्या माथी मारू नका. माझं नावच पावमैल आहे. मी ड्रॅगबद्दल, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीबद्दल, लिहितो हे इथे सगळ्यांना माहीत आहे. २८ इंची स्लिक्सवर (गुळगुळीत रेस टायर) ४.८८ म्हणजे ७००० ला ११९ मैल. माझी ३०२ पाव मैलाच्या शेवटी ११० च्या आसपास असते, म्हणजे टॉप गिअर शेवटपर्यंत ओढतो. एम२१ गिअरबॉक्सची पहिली २.२०, गुणिले ४.८८ म्हणजे १०.७. ४.१० ने फक्त ९ होतात. ३०२ ला खालून पिकअप नाही, ९ वर ती लाइनवरच गुदमरते.

पेट्रोलबद्दल. माझी हेड्स ॲल्युमिनियमची आहेत आणि कॅम असा की इनटेक व्हॉल्व्ह खूप उशिरा मिटतो, त्यामुळे कागदावरचं ११:१ प्रत्यक्षात तेवढं दाबत नाही. शिवाय माझी रन तेरा सेकंदांची. मग अर्धा तास बॉनेट उघडं. तुम्ही तेच इंजिन वीस मिनिटं तापवत ठेवता. ९३ वर माझी सहा वर्षं झाली.

बाटलीचं मात्र मागे घेतो. पॉइंटचा हिशेब मलाही ठाऊक नव्हता.

वॉटरफर्डकर
मग तसं लिहायचं होतं! 'ॲल्युमिनियम हेड, मोठा कॅम, तेरा सेकंद' हे तीन शब्द तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नव्हते. नवा मुलगा ते वाचून लोखंडी हेडच्या गाडीत ९३ भरेल. ड्रॅगसाठी ४.८८ बरोबर, हे मान्य. पण ज्याच्या मागे आज ३.७३ आहे त्याला हेही सांगा की १२-बोल्ट एक्सलमध्ये ४.१० पासून पुढे कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतं तो भाग) वेगळा लागतो. नुसतं क्राउन-पिनियन आणून भागत नाही.

आणि एम२० वाल्यांनी रेशोच्या आधी गिअरबॉक्सकडे बघावं. ७००० ला तिसरीतून चौथीत टाकलं की एम२१ मध्ये काटा ५४७० ला उतरतो, एम२० मध्ये ४८०० ला. ३०२ चा श्वास ५००० च्या खाली कोंडतो. मागे काहीही बसवा, ती खाच बुजत नाही.

खडकीकर_ह्यूस्टन
एवढी चर्चा कशासाठी? छोट्या विमानतळावर १००एलएल (छोट्या विमानांचं पेट्रोल) मिळतं, रेस फ्यूएलच्या जवळपास निम्म्या भावात. माझी शेव्हरोले शेवेल, ४५४ इंजिन, ११.२५:१, चार वर्षं त्यावरच आहे. साठवून ठेवलं तरी लवकर बिघडत नाही. हलकं असतं म्हणून कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी भोकं) एक-दोन नंबर वर घ्यावे लागतात, बस्स.

मृण्मयी_ॲनआर्बर
खडकीकर, त्यातल्या 'एलएल'चा अर्थ 'लो लेड', आणि ते 'लो' फक्त जुन्या विमान पेट्रोलच्या तुलनेत. लिटरला अर्ध्या ग्रॅमहून जास्त शिसं असू शकतं. इपीएने (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने) ऑक्टोबर २०२३ मध्ये रीतसर नोंदवलं की विमानांच्या पेट्रोलमधल्या शिशाने आरोग्याला धोका आहे. माझा नवरा गॅरेजमध्ये लेडेड ११० ने कार्ब धुवायचा, त्याच हाताने मुलीला उचलायचा. मी इंजिन तपासायच्या टेस्ट सेलमध्ये काम करते, मला हे दिसत असूनही मी दोन वर्षं गप्प बसले. आता नाही बसणार. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी अमेरिकेत १९९६ पासून शिसं बंद आहे. रेसिंगला सूट आहे म्हणजे आपल्या घरात ते चालतं, असं नाही.

शिवाय शिशाने वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) मरतो, मग मिक्श्चर अंदाजाने लावत बसायचं. ११:१ ला ई८५ (मुख्यतः इथेनॉल असलेलं इंधन) का नको? इथेनॉल बाष्प होताना इनटेक थंड करतं, नॉकिंगला जागाच राहत नाही.

खडकीकर_ह्यूस्टन
इथेनॉलचं नाव काढू नका. पुण्यात बाबांची २०११ ची गाडी आहे. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) सुरू झाल्यापासून ॲव्हरेज पडलं, फ्यूएल पंप बदलावा लागला, आणि पंपावर साधं पेट्रोल मागायची सोयच नाही. ज्याची गाडी त्याला विचारलं कोणी? साखर कारखानदारांचं भलं व्हावं म्हणून मध्यमवर्गाच्या टाकीत ऊस ओतलाय.

इचलकरंजीचा_बाळू
कारखानदारांचं भलं? खडकीकर, तुम्ही कधी उसाच्या बिलाची वाट बघितलीय? आमचं चार एकर. वडिलांनी एका वर्षी बिल यायच्या आधी बहिणीच्या फीसाठी म्हैस विकलेली मी पाहिलीय. साखर गोदामात पडून राहायची आणि कारखाना म्हणायचा पैसा नाही. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या वेळेवर देतात, म्हणून बिलं लवकर यायला लागली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉलवर बंधन घातलं, तेव्हा ऐन हंगामात फटका आम्हालाच बसला. तुमच्या टाकीत ऊस ओतून आम्ही बंगले नाही बांधले.

खडकीकर_ह्यूस्टन
तुमच्या बिलाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याची किंमत माझ्या निवृत्त बापाच्या खिशातून का? ई१० आणि ई२० दोन्ही ठेवा, ज्याला जे हवं ते तो घेईल. एवढंही मागायचं नाही का?

इचलकरंजीचा_बाळू
मागा की. पण 'ऊस ओतलाय' असं हिणवून मागू नका. आमच्याकडेही जुनीच मोटरसायकल आहे, तीही ई२० वरच चालते.

मृण्मयी_ॲनआर्बर
दोघेही थांबा. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. ई१० वरून ई२० वर गेल्यावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास तूट येणार, ती खरी आहे. जुन्या रबरी नळ्या आणि सील यांचा त्रासही खरा. बाबांच्या गाडीला इथेनॉलच्या चढ्या ऑक्टेनचा फायदा नाही, कारण त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन त्यासाठी नाहीच. ११:१ च्या रेस इंजिनाचं गणित नेमकं उलटं आहे. एकाच इंधनाबद्दल दोन गाड्यांचा निकाल वेगळा लागतो.

खडकीकर_ह्यूस्टन
ठीक. रेसचं वेगळं, मानलं. बाबांच्या गाडीचं नाही मानत.

पावमैल
ई८५ मी एकदा लावलं होतं. पंपावर ८५ लिहिलेलं असलं तरी आत ५१ पासून ८३ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं, थंडीत कमी. मी न मोजता जेट लावले आणि दिवसभर प्लग काळे. कार्बही इथेनॉलचा हवा, नाहीतर साध्या कार्बच्या बाउलमध्ये पांढरी भुकटी धरते. आणि तीस टक्के जास्त इंधन म्हणजे जेटचं भोक तीस टक्के रुंद नव्हे. क्षेत्रफळ तीस टक्के, व्यास चौदाच.

वॉटरफर्डकर
मृण्मयीताई, शिशाचं वाचून काल रात्री गॅरेज धुतलं. माझाही नातू तिथे खेळतो. ११० चा उरलेला डबा संपवणार की टाकणार, ते अजून ठरवलेलं नाही, खोटं बोलत नाही.

आज ई८५ चा एक कॅन आणला. मोजनळीत १० मिलि पाणी, वर ९० मिलि ई८५, बूच लावून हलवली आणि खिडकीत ठेवली. पाणी इथेनॉल खेचून घेतं, पाच मिनिटांनी पाण्याची रेघ १० वरून ७४ वर. म्हणजे ९० पैकी ६४, ७१ टक्के.

पावमैल
७१ ला ८५ चे जेट लावू नका, गाडी गुदमरेल. दोन नंबर खालून सुरू करा. माझ्याकडे इथेनॉलचा ७५० चा कार्ब पडून आहे, येत्या शनिवारी वॉटरफर्डला घेऊन येतो. तुमचं ४.५६ पण एकदा बसून बघायचंय.

वॉटरफर्डकर
या. आठला गेट उघडतं. प्लगचा नवा सेट आणा, जुने मी तुम्हाला दाखवणार आहे.