मदत हवी आहे: पोथी निर्णयसिंधूची की दुसऱ्या ग्रंथाची?

नमस्कार मंडळी. गुहागरच्या घरी माळ्यावर हस्तलिखित पोथी मिळाली. सुटी ४३ पानं, पहिलं आणि शेवटचं नाही, त्यामुळे ग्रंथाचं नाव कुठेच नाही. देवनागरी लिपी, संस्कृत भाषा. एकादशी, जन्माष्टमी, महाशिवरात्र यांचे तिथिनिर्णय (व्रत नेमकं कोणत्या दिवशी करायचं ते) आहेत.

आधी वाटलं, काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु (१७९०) हा धर्मशास्त्राचा ग्रंथ असावा. ते मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोळवलीचे, म्हणून आशा जास्तच होती. छापील प्रतीशी एकादशीचा भाग ताडून पाहिला. निर्णय जुळतात, वाक्यं नाहीत. धर्मसिंधूत मूळ वचनं (जुन्या ग्रंथांतली अवतरणं) गाळून थेट निर्णय दिलेला असतो. इथे पानोपानी वचनं आहेत, हेमाद्रि आणि माधव या जुन्या धर्मशास्त्रकारांची नावं घेऊन. म्हणून आता कमलाकरभट्टांच्या निर्णयसिंधूवर (१६१२) संशय आहे. पण अनंतदेवांचा स्मृतिकौस्तुभ हा याच विषयावरचा ग्रंथही असू शकतो, आणि या दोन्हींच्या छापील प्रती माझ्याकडे नाहीत. पोथीत ‘निर्णयसिन्धौ’ असा उल्लेख आला असता तर ती निर्णयसिंधूनंतरची हे लगेच कळलं असतं. वाचलेल्या पानांत तो नाही. दमटपणामुळे आठ-दहा पानं चिकटली आहेत, ती मी सोडवलेली नाहीत.

पोथी विकायची नाही, घराबाहेरही न्यायची नाही. फोटो टाकू शकते.

जन्माष्टमीच्या प्रकरणात नेमकं काय पाहिलं, तर हे दोन ग्रंथ वेगळे ओळखता येतील? आणि चिकटलेली पानं घरच्या घरी सुरक्षित सुटतात का?