थिएटरे मल्टिप्लेक्सने मारली, हे रडगाणे आता पुरे

मांडवीकाठ:
पणजीच्या सिने नॅशनलच्या बंद दाराचे छायाचित्र लावून काल येथे कोणीतरी लिहिले की, २००४ साली इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) गोव्यात आला, त्याच्यासोबत आयनॉक्स हे मल्टिप्लेक्स आले आणि गोव्यातील जुन्या थिएटरांचा गळा घोटला गेला. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली आहे. मला या गळेकाढूपणाचा मनस्वी उबग आला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

थिएटरांची घसरण २००४ च्या पुष्कळ आधी सुरू झाली होती. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आले; पाठोपाठ आखातातून रजेवर येणाऱ्यांच्या सामानातून व्हीसीआर उतरू लागले आणि भाड्याने आणलेल्या कॅसेटींवर अख्खा वाडा रात्र जागवू लागला. नव्वदच्या दशकात केबल घरोघर पोहोचली. आज म्हापशाच्या एल कॅपितानच्या आणि मडगावच्या मेट्रोपोलच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांपैकी किती जण त्या वर्षांत तिकिटाच्या खिडकीपाशी दिसत होते, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगावे.

शिवाय जी थिएटरे आपण आता एवढी गोंजारतो, ती आतून कशी होती, याबद्दल कोणीच का बोलत नाही? खुर्च्यांत ढेकूण, कोपऱ्यांत पानाच्या पिंका आणि मध्यंतर होईपर्यंत पुढच्या रांगांत पोहोचलेला मुतारीचा वास. मालकांनी फाटके रेक्झिनसुद्धा बदलले नाही, कारण भर बाजारातील त्या जागेवर गाळे काढले तर दरमहा बसल्या जागी भाडे मिळणार आहे, हा हिशेब त्यांनी केव्हाच करून ठेवला होता. मालकाने थिएटर विकायला काढले होते आणि आपण ते मनाने आधीच सोडले होते. आयनॉक्स आले ते तेराव्याला.

डिचोलीकर:
आपला इतिहास सोयीपुरता आहे. व्हीसीआर आणि केबल मुंबईत आली नव्हती काय? तरीही तेथे एकपडदा थिएटरे त्यानंतर कितीतरी वर्षे तग धरून राहिली. गोव्यात मात्र पणजीच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, मांडवीसमोरच्या सरकारी जागेवर, महोत्सवाच्या निमित्ताने आयनॉक्सचे चार पडद्यांचे संकुल उभे राहिले आणि महोत्सव संपल्यावर उरलेले अकरा महिने तेथे तेच हिंदी चित्रपट लागू लागले, जे पणजीच्याच सम्राट-अशोक थिएटरांत लागत होते. एका बाजूला सरकारी जागा आणि सरकारचे पाठबळ, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या खिशातून छप्पर शाकारणारा मालक. याला स्पर्धा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

आमच्या हिरा टॉकीजने डिचोलीच्या पिढ्यांना सिनेमा दाखवला. खाणीवरचा कामगार पगाराच्या दिवशी सहकुटुंब तेथे येत असे. त्याला आपण आता ढेकणांची गोष्ट सांगणार?

पुढचेही ऐका. फिल्म जाऊन डिजिटल प्रक्षेपण आले, तेव्हा नवी यंत्रणा बसवण्याची ऐपत कोणाची होती? आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरही १८ टक्के कर बसला. तो १२ टक्क्यांवर यायला २०१९ चा जानेवारी उजाडला. तोपर्यंत तग धरायला उरले होतेच कोण?

मांडवीकाठ:
कराचा मुद्दा मान्य. पण २०१७ च्या कराने १९९५ साली रिकाम्या पडलेल्या खुर्च्यांचे स्पष्टीकरण होत नाही, एवढे तरी आपण मान्य कराल, अशी आशा आहे.

फोंड्याची माई:
दोघेही पुरुष आहात, हे न सांगताही कळते. तुमच्या चर्चेत मालक आहे, सरकार आहे, कर आहे. पण थिएटरातून घरी कसे जायचे, हा प्रश्न कुठेच नाही.

आम्ही प्रियोळच्या बाजूच्या. फोंड्यात सिनेमा पाहायचा तर दुपारी तीनचाच खेळ, कारण सहाचा खेळ सुटेपर्यंत आमच्या गावची शेवटची बस निघून गेलेली असे. दुपारच्या त्या खेळाला निम्मे थिएटर बायकांनी भरलेले असे. जेवणे आटोपून, मुले सासूकडे ठेवून आलेल्या. पुढे त्या थिएटराने (नाव सांगत नाही) दुपारी भलतेच इंग्रजी चित्रपट लावायला सुरुवात केली, बाहेर तशीच पोस्टरे लागली आणि बायकांनी त्या रस्त्याने जाणेसुद्धा सोडले. थिएटराचा निम्मा प्रेक्षक त्या दिवशी गेला. त्यात ना केबलचा हात होता, ना आयनॉक्सचा.

साष्टीकर:
माईंनी दुखऱ्या जागी बोट ठेवले. १९७८-७९ साली विद्यार्थ्यांनी बसच्या निम्म्या भाड्यासाठी आंदोलन केले, लाठ्या खाल्ल्या, सवलत मिळवली. १९८० मध्ये कदंब हे सरकारी बस महामंडळ आले. त्यानंतर आपल्याला वाटले की वाहतुकीचा प्रश्न सुटला. प्रत्यक्षात आजही संध्याकाळी आठनंतर मडगावहून केपे-सांग्याच्या आतल्या गावांत बसने जाऊन दाखवा. ज्या राज्यात रात्रीची बस नाही, तेथे रात्रीचा खेळ स्कूटरवाल्यांसाठीच असतो.

मांडवीकाठ:
चर्चा थिएटरांची आहे. बसचे वेळापत्रक मांडायचे असेल तर वेगळा धागा काढावा, ही नम्र विनंती.

साष्टीकर:
विनंती नम्रपणे फेटाळली आहे. आपण पणजीत राहता, अठरा जून रस्त्यावरून चालत थिएटर गाठता, म्हणून आपल्याला बस हा वेगळा धागा वाटतो. कुडचड्याच्या नायगारा थिएटराला सावर्डे-सांग्याकडची माणसे येत होती. खासगी बसवाल्यांनी संध्याकाळच्या फेऱ्या गाळल्या तसे प्रेक्षक गळाले. हे कळायला गावात राहावे लागते.

मांडवीकाठ:
मी कोठे राहतो, यावरून माझा मुद्दा खोटा ठरत नाही. बस नव्हती म्हणून थिएटर पडले, तर बस नसतानाच ती थिएटरे भरत कशी होती? साठच्या दशकात तर लोक पायी येत होते!

फोंड्याची माई:
येत होते ते पुरुष. मी वर काय लिहिले, ते पुन्हा वाचा.

म्हापशेकार:
मांडवीवरचा पूल १९८६ च्या जुलैत कोसळला आणि नवा पूल १९९२ मध्ये सुरू झाला. मधली वर्षे पणजीला जायचे म्हणजे फेरीबोटीची रांग, म्हणून आमचे घर सिनेमासाठी म्हापशाच्या अलंकार थिएटरालाच जात असे. त्या वर्षांत तेथे रविवारी बसायला जागा मिळवणे कठीण होते. केबल येऊनही आम्ही जात होतो. म्हणजे वाहतूक आणि थिएटर यांचा संबंध आहे, फक्त तो साष्टीकर सांगतात तितका सरळ नाही. प्रवास अडला की गावचे थिएटर जगते, आणि रस्ता रुंद झाला की माणूस गाडी काढून पर्वरीच्या मॉलमध्ये जातो.

ऑपरेटरचा भाचा:
इतका वेळ वाचत होतो. माझे मामा एका थिएटरात ऑपरेटर होते. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे सुमारे साडेतेरा हजार फूट फिल्म. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटे चालते. ते संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकतो आणि त्या क्षणी दुसरे प्रोजेक्टर सुरू करावे लागते. एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायची असली की इकडे संपलेली रिळे डब्यांत भरून स्कूटरवरून तिकडे पोहोचवायची, हे माझे काम. पावसात स्कूटर बंद पडली की तिकडचे प्रेक्षक शिट्ट्या मारायचे आणि शिव्या मामांना बसायच्या.

मांडवीकाठ यांना इतकेच विचारायचे आहे: मालक, प्रेक्षक आणि सरकार या तिघांवर आपण दोष वाटला, पण डिजिटल यंत्रणा आल्यावर ज्यांचा हात एका रात्रीत निरुपयोगी झाला, त्या माणसांचे काय झाले, ते आपण एका ओळीतही लिहिले नाही. मामा पुढे एका सोसायटीत रात्रीचे राखणदार झाले. ढेकूण त्यांनाही चावत होते, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही.

मांडवीकाठ:
आपल्या मामांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण यंत्रणा बदलली ती जगभर बदलली. तिला गोव्यातला कोणी दोषी नाही.

बाकी डिचोलीकरांच्या समाधानासाठी लिहून देतो: सरकारने महोत्सवासाठी नवे संकुल उभारण्याऐवजी जुन्या दोन-चार थिएटरांना तोच पैसा दिला असता तर ती कदाचित वाचली असती. झाले समाधान? गंमत अशी की, ज्या महोत्सवाला आपण खुनी ठरवता, त्याच्याच पडद्यांमध्ये २०२३ साली नव्याने सजलेल्या सम्राट-अशोकचा समावेश होता. वाचलेले एक थिएटर तुमच्या खुन्यानेच वापरले.

डिचोलीकर:
एक थिएटर वाचले ते पणजीत, महोत्सवापासून हाकेच्या अंतरावर. डिचोली, कुडचडे आणि फोंडा यांच्याजवळ महोत्सव कधी येणार आहे, तेही कृपया कळवावे.

फोंड्याची माई:
आणि आलाच, तर नऊचा खेळ सुटल्यावर बस आहे का, तेवढे आधी विचारून ठेवा.