जुनं घर विकायचंय: फोटोआधी पसारा आवरायचा, की आहे तसंच दाखवायचं? (सोलापूर)

शहाबादी

सोलापुरातल्या जुन्या घरांच्या जाहिराती पोर्टलवर चाळून बघा. घर साखर पेठेतलं असो की जुळे सोलापुरातलं पंचवीस वर्षांचं रो-हाऊस, फोटोत भिंती दिसतच नाहीत. दिसतात त्या कपाटावरच्या सुटकेसा, माळ्यावर साडीचा पडदा सोडून झाकलेली पातेली, दोरीवरचे टॉवेल, चार दुकानांची चार कॅलेंडरं आणि कोपऱ्यातली गाद्यांची चळत. खोली दहा बाय बाराची की आठ बाय दहाची, काही कळत नाही, कारण फरशीच कुठे मोकळी नाही.

घर जुनं असेल तर जुनंच दिसू द्या, पण अडगळ हलवल्याशिवाय फोटो काढू नका, एवढंच माझं म्हणणं. लोक नेमकं उलटं करतात. पसारा तसाच ठेवून हॉलच्या एका भिंतीला झगझगीत रंग मारतात. तो खर्च पाण्यात जातो, कारण घेणारा स्वतःच्या आवडीचा रंग लावणारच असतो.

सामान हलवायला जागा कुठून आणायची? सगळ्यात मागची खोली गोदाम समजा. पुढच्या खोल्यांत जे जमिनीवर, कपाटावर आणि दाराआड आहे ते तिथे रचा आणि पुढचे फोटो उरका. मग तोच ढीग हॉलमध्ये आणा आणि मागच्या खोलीचे फोटो काढा. दोन माणसं, एक सकाळ. पथ्य एकच: हॉलमधली खुर्ची बेडरूमच्या फोटोत पुन्हा दिसता कामा नये, बघणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

खोली अगदी ओकीबोकीही नको. पलंग, एक कपाट, एक खुर्ची राहू द्या. पलंग केवढा असतो ते सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावरून खोलीचं माप लागतं. पलंगावर साधी एकरंगी चादर. (नक्षीची सोलापुरी चादर फोटोत भिंतीच्या आधी दिसते. चादरवाल्यांनी माफ करावं.)

आता फरशी. शहाबादी आणि ओट्याचा कडप्पा, दोन्ही चुनखडीचे दगड. संडास धुवायचं ॲसिड त्यावर ओतलं की फेस येतो आणि माणूस खूश होतो. पण तो फेस मळ निघाल्याचा नसतो, दगड खाल्ला जात असतो. वाळल्यावर पांढरट चट्टे पडतात आणि ते निघत नाहीत. मोझॅकचंही तेच, त्यात सिमेंट आणि संगमरवराची खडी असते. धुण्याची पावडर, कोमट पाणी, दहा मिनिटं भिजवण आणि ताठ ब्रश पुरे. बोअरच्या पाण्याने नळांवर क्षार बसले असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं १५-२० मिनिटं गुंडाळून ठेवा. खाली ताटली ठेवा, व्हिनेगरचा थेंबही कडप्प्यावर पडू देऊ नका.

---

पेठकर

काय मालक, एवढी धुलाई कुणासाठी?

पेठेतलं जुनं घर घेणारा फरशी बघायला येत नाही, तो पाडून नवं बांधायला जागा घेतो. रस्त्याला तोंड किती फूट? आत खोल किती? गल्लीत टेम्पो शिरतो का? भिंती सामाईक आहेत का? भाडेकरू बसलाय का? सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर (जागेच्या सरकारी नोंदीत) मालक म्हणून नावं किती? आवरलेल्या हॉलच्या फोटोत यातल्या एकाचंही उत्तर नाही.

हॉलचे सहा फोटो आणि गल्लीचा एकही नाही, ही खरी बोंब आहे. समोरून अख्खी दर्शनी बाजू घ्या. गल्ली अरुंद असेल आणि ती मावत नसेल तर समोरच्यांना विचारून त्यांच्या गच्चीवरून घ्या. गल्लीच्या दोन्ही टोकांकडून एकेक, आपल्या गच्चीवरून मागची हद्द, जिना, मीटर, हौद. त्याआधी दारातल्या गाड्या हलवा, आवरायचं असेल तर ते आवरा. उताऱ्यावर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं आणि गिऱ्हाईक फुटांत विचारतं, तेव्हा दोन्ही लिहा. १०० चौरस मीटर म्हणजे साधारण १०७६ चौरस फूट.

आणि पसारा दिसला म्हणून बिघडलं कुठे? पसारा म्हणजे घर वापरात आहे, नळ चालतोय, ड्रेनेज तुंबलेलं नाही. चकाचक फोटो बघून आलेला माणूस दारात चपलांचा ढीग बघतो आणि पहिल्या मिनिटाला त्याच्या मनात येतं, यांनी अजून काय काय लपवलंय? आहे ते दाखवा. येणारा तयारीनिशी येतो.

---

शहाबादी

पेठकर, पेठेतल्या जागेपुरतं तुमचं खरं. पण होटगी रोड, विजापूर रोडकडचे जुने फ्लॅट काय पाडून बांधायला घेतात लोक? फ्लॅटला स्वतःचा असा प्लॉट नाही, रस्त्याला तोंड नाही. विकायचं ते सगळं आत आहे, आणि ते आतलंच तुम्ही गाद्यांमागे ठेवताय.

भेटीला आलेल्याला पसारा दिसणार असेल तर आवरलेलं पुन्हा पसरू का द्यायचं? बंद कुलर, फुटका मिक्सर, वर्षाची रद्दी हे घर सोडताना काढायचंच आहे. दोन महिने आधी काढा. भंगारवाला दोन्ही वेळेला तोच भाव देतो.

---

ट्रायपॉड

दोघेही सामानावर भांडताय. निम्मा घोळ मोबाइल धरण्यात असतो.

खोली मावत नाही म्हणून सगळे मोबाइलची ०.५ची, म्हणजे रुंद कोनाची लेन्स लावतात. तिने कडेच्या वस्तू ताणल्या जातात. फोटोच्या कडेला आलेलं कपाट दीडपट रुंद दिसतं आणि पसारा आहे त्याहून जास्त वाटतो. वर खोलीही मोठी दिसते, मग प्रत्यक्ष बघणाऱ्याचा विरस होतो. शक्य तिथे १ वरच काढा. दाराच्या चौकटीत किंवा कोपऱ्यात पाठ टेकवून उभं राहिलं की दहा बाय दहाच्या खोलीच्या दोन भिंती बऱ्यापैकी येतात. अगदीच नाही जमलं तर ०.७, आणि कडेला काही ठेवू नका.

मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे ४ फूट. डोळ्यांसमोर धरून खाली वाकवला की भिंती तिरक्या होतात. ग्रिड चालू करून दाराची चौकट उभ्या रेषेशी जुळवा. स्वयंपाकघरात थोडा वर धरा, साडेचार फूट, म्हणजे ओट्याचा वरचा भाग दिसतो. आणि आधी लेन्स पुसा! फोडणीचा हात लागलेल्या लेन्समधून प्रत्येक खिडकी धुरकट येते.

उजेडाचं गणित वेगळंच. खिडकीतून पुरेसा उजेड येत असेल तर ट्यूब बंद ठेवा. निळसर ट्यूब, पिवळा बल्ब आणि ऊन एकत्र आले की एकाच भिंतीवर तीन रंग दिसतात. दिवा लावावाच लागला आणि फोटोत आडवे काळे पट्टे आले तर मोबाइल बिघडला असं समजू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. तीन सेकंदांचा टायमर लावा, हात हलायचा नाही.

सोलापूरची खास अडचण म्हणजे उन्हाळ्यात खिडकीवर बांधलेली हिरवी शेडनेट. त्यातून आलेल्या उजेडात भिंत, चादर, माणसाचं तोंड सगळं हिरवट येतं, आणि नंतर कितीही रंग फिरवला तरी ते धड सुटत नाही. फोटोपुरती तासभर सोडा. पूर्वेला तोंड असेल तर दर्शनी फोटो सकाळी ८ ते ९.३०, पश्चिमेला असेल तर ४.३० नंतर. एप्रिल-मे मध्ये दुपारी १२ वाजता काढलात तर सज्जाखाली काळोख आणि अंगणात पांढरा फटका, दुसरं काही नाही.

---

एकक्लिक

एवढी ओढाताण कशाला? एआय ॲपमध्ये फोटो टाकला की एका मिनिटात खोली रिकामी. हवा तर सोफाही ठेवून देतं. घरातली म्हातारी माणसंही हलवायला नकोत.

---

ट्रायपॉड

हेच करू नका. गाद्यांमागे काय आहे ते ॲपला माहीत नाही, ते अंदाजाने भरतं. त्या अंदाजात स्विचबोर्ड गायब होतो, बीम सरळ छत होऊन जातो, ग्रिलच्या नक्षीची एक बाजू दुसरीशी जुळत नाही, शहाबादीच्या जोडरेषा मध्येच वळतात. आरशाच्या कपाटात मात्र जुना पसारा तसाच. उजेड थोडा वाढवणं, तिरका फोटो सरळ करणं इथपर्यंत ठीक. नसलेली भिंत रंगवून दाखवली तर ते माझ्या लेखी घराचं चित्र झालं, फोटो नाही.

---

कोबा

बांधकामाच्या बाजूने लिहितो. पेठकर, 'पसारा म्हणजे खरेपणा' हे गिऱ्हाइकाला सांगू नका. ओल नेमकी पसाऱ्यामागे असते. गाद्यांची चळत बाहेरच्या भिंतीला लागून, कपाट बाथरूमच्या भिंतीला लागून, आणि दोन्हींमागे पोपडे. कित्येकदा मालकालाही ते हलवेपर्यंत माहीत नसतं.

हलवल्यावर ओल दिसली तर ती कुठे आहे ते बघा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा आणि त्यावर पांढरी भुकटी असेल तर ओल घराच्या पायातून वर चढतेय. छताच्या कोपऱ्यात तपकिरी कडेचा डाग असेल तर बहुतेक गच्चीचा कोबा (वरचा पाणी अडवणारा थर) फुटलाय किंवा पावसाच्या पाइपचा सांधा गेलाय. बाथरूमच्या पाठीमागे बारा महिने ओल असेल तर भिंतीतली पाण्याची लाइन गळतेय. या भिंतींवर फोटोसाठी डिस्टेंपर मारणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आतलं पाणी आणि क्षार रंगाला मागून ढकलतात, पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. आधी पाणी थांबवा, भिंत वाळू द्या, मग रंग.

दुरुस्ती करायची नसेल तर त्या डागाचा सरळ एक फोटो टाका आणि खाली कारण लिहा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला महत्त्वाचा दोष, जो घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, वेगळा करार नसेल तर. पोपडा आलेल्या भिंतीला मुद्दाम कपाट लावणारा या कलमाच्या फार जवळ जातो. स्लॅबची गंजलेली सळई उघडी पडली असेल तर तोही फोटो हवाच. ती बघून जो मागे फिरेल तो नाही तरी इसार देताना फिरला असता.

शहाबादी, तुमच्या पद्धतीला माझी हरकत नाही. फक्त ढीग रचताना ओलीची भिंत झाकू नका.

---

उंबरा

'एक सकाळ, दोन माणसं' हे लिहायला सोपं आहे, दादा. ज्या घरात सत्तरीच्या पुढची माणसं राहतात तिथे कपाटावरची सुटकेस हलवणं म्हणजे त्यांना घराबाहेर काढायची तयारी वाटते. आधी त्यांना विचारा, काय कुठे ठेवलं ते वहीत लिहा, आणि औषधांचा डबा, चष्मा, काठी जागेवरच ठेवा.

देवघराला तर हातच लावू नका. रिकामं देवघर फोटोत वाईट दिसतं, आणि घेणारे दिशा विचारतातच. समया पुसा, वाळलेले हार काढा, झालं. हार घातलेल्या वडीलधाऱ्यांच्या तसबिरी मात्र कुटुंबाने ठरवायच्या. काढवत नसतील तर त्या भिंतीचा फोटो घेऊ नका, दुसऱ्या कोपऱ्यातून घ्या.

तुम्ही सगळे भिंती आणि लेन्स बोलताय, सुरक्षेचं कुणीच बोललं नाही. उघड्या कपाटातली तिजोरी, खिळ्याला लटकलेल्या किल्ल्या, ग्राहक क्रमांक दिसणारं महावितरणचं बिल, लग्नातले फोटो, नातवंडांची प्रमाणपत्रं, दारावरचं नाव, हे सगळं पोर्टलवर कुणीही मोठं करून बघू शकतं. फोटो काढताना मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशनही बंद करा. आवरायची सुरुवात खरं तर इथून हवी.

---

पेठकर

ताईंचं बरोबर. किल्ल्या आणि बिलं आधी.

बाकी मी हॉलच्या धुलाईला अजूनही राजी नाही. कोबांच्या मुद्द्यावर भिंतीपासून गाद्या ओढायला तयार आहे, पण त्या हॉलच्या मध्येच राहतील.

आणि पाण्याची पिंपं काढू नका, कुणी काहीही म्हणो.

---

शहाबादी

पिंपं तर पहिली काढायची! स्वयंपाकघरात तीन निळी पिंपं उभी असली की ओटा दिसत नाही.

---

पेठकर

नळाला रोज पाणी येत नाही हे इथे शेंबडं पोरही जाणतं. साठवण दिसली नाही की फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. फार तर स्वयंपाकघरातली दोन पिंपं मोरीशेजारी नेऊन झाकणं लावा आणि हौदाचा फोटो झाकण उघडून घ्या, टॉर्च मारून, तळ दिसेल असा. खाली लिटरमध्ये माप लिहा. लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजायची, गुणाकार करायचा आणि त्याला २८.३ ने गुणायचं. ६ बाय ५ बाय ५ चा हौद म्हणजे १५० घनफूट, साधारण ४,२०० लिटर. खोली मोजताना वरचं अर्धा फूट सोडा, तिथपर्यंत कुणी भरत नाही.