फ्लॅटहेड सिक्स: नुसतं हेड घासून भागत नाही

फ्लॅटहेड सिक्सची, म्हणजे जुन्या धाटणीच्या सहा सिलिंडरी इंजिनाची ताकद वाढवायला हेड मिलिंग करून (सिलिंडरांवरचं झाकण खालून घासून) कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण, वाढवलं की झालं, असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच खरं आहे ते. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह (झडपा) हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातच, सिलिंडरच्या शेजारी. पेट्रोल-हवेचं मिश्रण तिथून आडवं सरकून सिलिंडरात शिरतं. हेड फार घासलं की नेमकी तीच वाट आवळते आणि वरच्या आरपीएमला (मिनिटाला जास्त फेरे असताना) इंजिन धापा टाकतं. कॅम (व्हॉल्व्ह उचलणारा दांडा) जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उंच उचलणारा असेल तर व्हॉल्व्ह हेडला आपटायचीही भीती! व्हॉल्व्हवर मऊ मातीचा (मॉडेलिंग क्लेचा) गोळा ठेवून, जुन्या गॅस्केटसकट (हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ पट्टीसकट) हेड आवळून इंजिन हाताने फिरवा; मग हेड काढून दबलेल्या मातीची जाडी बघा, व्हॉल्व्ह आणि हेडमधलं अंतर लगेच कळतं.

हडसन या जुन्या अमेरिकन मोटार कंपनीच्या ३०८ घनइंची सिक्सचं रेसिंगवालं 'सेव्हन-एक्स' रूप बघा. त्यात व्हॉल्व्ह मोठे केले आणि व्हॉल्व्ह ते बोअर (सिलिंडरचं भोक) हा ब्लॉकचा भाग कोरून वाट मोकळी केली. कोरल्याने थोडं कॉम्प्रेशन जातं, जाऊ द्या.