विकतचे असेट (तयार मॉडेल, चित्रं) आणि म्युझिक वापरले तर लोक 'असेट फ्लिप' म्हणून शिव्या घालतील का?

माजघर_डेव्ह
मंडळी, मी आणि माझा मित्र नोकरी सांभाळून एक छोटा हॉरर गेम करतोय, कोकणातलं बंद पडलेलं घर वगैरे. मी कोडवाला, तो लेव्हल बघतो, चित्रकला दोघांचीही यथातथाच. त्यामुळे घराचा एक थ्रीडी पॅक घेतला आणि एक हॉरर म्युझिक पॅक, पण आता स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) बघतोय तर तीच खुर्ची तोच कंदील दहा गेममध्ये दिसतोय. गेम पैसे घेऊन विकायचाय. लोक नावं ठेवतील का?

रिकामटेकडा_कोडर
खुर्चीवरून कोणी काही म्हणत नाही रे. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स या गेमची सुरुवातीची पिक्सेल आर्ट विकतचीच होती, तरी 2023 ला बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांत बेस्ट गेम घेऊन गेला. 1993 च्या डूम गेममधला दरवाजाचा आवाज पण रेडीमेड साउंड लायब्ररीतला, नंतर तोच आवाज कितीतरी सिनेमा-सिरीयलमध्ये ऐकू येतो. फ्लिप म्हणजे असेट स्टोअरवरचं रेडीमेड टेम्प्लेट (जवळपास तयार गेम) उचलून नाव बदलून विकणं, 2017 मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्वने एकाच कंपनीचे 173 गेम काढून टाकले ते असल्याच प्रकारामुळे. तुमचं तसं नाहीये.

पडवीतला
मला खुर्चीपेक्षा दुसरीच भीती वाटते. असले घराचे पॅक अमेरिकन घराचे असतात, त्यात फायरप्लेस असणार, माळ्यावर जायचा लाकडी जिना असणार, आणि कोकणातला माणूस स्क्रीनशॉट बघूनच हसेल. खुर्च्या-कपाटं-बाटल्या पॅकमधल्या ठेवा, पण ओटी, माजघर, देवघर, चूल, वर कौलं हे स्वतः करा, लो-पॉलीत (साध्या, कमी बारकाव्याच्या मॉडेलमध्ये) फार अवघड नाही. मग सगळ्याला एकच कलर पॅलेट आणि एकच लायटिंग लावा, वेगवेगळ्या पॅकचे टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) शेजारी शेजारी आले की जोडकाम लगेच कळतं.
म्युझिकचं पण तेच, 'इंडियन' पॅक म्हणजे सतार आणि तबला, कोकणात रात्री कोण सतार वाजवतंय? दशावतारातली (कोकणातलं लोकनाट्य) पेटी, मृदंग, झांज लांबून ऐकू आली तर अंगावर काटा येईल. गावच्या कलाकारांकडून रेकॉर्ड करून घ्या, पैसे द्या आणि गेममध्ये वापरायची परवानगी कागदावर घ्या. रातकिडे तर फोनवर पण होतील.

लायसन्स_काका
दिसण्याचं झालं, आता कटकटीचं ऐका. रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट नाही, एकदा पैसे भरले की दर कॉपीमागे परत द्यावे लागत नाहीत एवढंच. फ्रीसाउंडवर (लोकांनी टाकलेल्या आवाजांची साइट) तर प्रत्येक फाइलचं लायसन्स वेगळं असतं, सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, त्यातलं सीसी-झिरो बिनधास्त घ्या, सीसी-बाय असेल तर क्रेडिट्समध्ये नाव हवं, आणि त्यात एनसी (नॉन-कमर्शियल) दिसलं की विकायच्या गेमसाठी विषय संपला.
आणि म्युझिक पॅक युट्यूबच्या कंटेंट आयडीत (कॉपीराइटचं गाणं आपोआप ओळखणारी सिस्टीम) रजिस्टर आहे का ते आधी विचारा. असेल तर तुमचा गेम खेळणाऱ्या स्ट्रीमरच्या व्हिडिओवर क्लेम येतो, तुम्ही पैसे भरलेले असले तरी, आणि हॉरर गेमची निम्मी जाहिरात तर तेच लोक करतात. एकदा क्लेम आला की तो स्ट्रीमर तुमच्या गेमला परत कशाला हात लावतोय. पावती आणि त्या दिवशीचा लायसन्सचा मजकूर पीडीएफ करून ठेवा, पेज नंतर बदलतं किंवा गायब होतं.

माजघर_डेव्ह
फायरप्लेस आहे खरंच 😅 आजच उडवतो. काका, पॅक माझ्या अकाउंटवर घेतलाय, मित्राच्या मशीनवर पण टाकला तर चालतं का?

लायसन्स_काका
मॉडेल आणि म्युझिक एकाच प्रोजेक्टसाठी असेल तर बहुतेक ठिकाणी चालतं, टूल आणि प्लगिनला मात्र माणशी लायसन्स लागू शकतं, वाचून घ्या. त्याने स्वतःच्या वेगळ्या गेममध्ये वापरायचं असेल तर त्याने त्याचा घ्यावा. आणि कोड गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाकणार असाल तर रिपो, म्हणजे तिथलं प्रोजेक्टचं फोल्डर, प्रायव्हेट ठेवा. पब्लिक केला की पॅकच्या कच्च्या फाइली जगाला वाटल्यासारखं होतं, ते जवळपास कुठल्याच स्टोअरला चालत नाही.